छत्रीचा रोख आग्नेयेला

खेड्यातील एखाद्या उंचवट्यावर उभे राहून सभोवार नजर टाकली, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. घर कौलारू असो, पत्र्याचे असो वा स्लॅबचे असो, छपरांवर बसविलेल्या लहान लहान तबकड्या जवळपास एकाच बाजूला तोंड करून असतात. शाळेच्या पटांगणावर कवायतीसाठी रांगेत उभी राहिलेली मुले जशी गुरुजींकडे पाहतात, तशाच. लोकांनी या तबकडीला ‘छत्री’ असे सुटसुटीत नाव दिले आहे आणि शास्त्रीय परिभाषेतील कोणत्याही शब्दापेक्षा ते अधिक रूढ झाले आहे. या छत्र्यांचा रोख साधारणतः आग्नेयेकडे असतो. तो तसा का असतो, तो नेमका कसा साधावा आणि विशेषतः ज्या कुटुंबांना वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवावे लागते त्यांनी तो कसा साधावा, याची माहिती येथे देण्याचा विचार आहे.

दूरचित्रवाणी आता केवळ करमणुकीचे साधन राहिलेले नाही, हे वाचकांना सांगावयास नको. हवामानाचे इशारे, शेतीविषयक सल्ला, शासकीय योजनांची माहिती असे बरेच काही तिच्याद्वारे घरात येते. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता किंवा गावात मोबाइलची रेंज नव्हती, तेथील मुलांना अभ्यासाचा तेवढाच आधार होता. अशा घरांपैकी ज्यांच्या छपरावरील छत्री वाऱ्याने दोन अंश फिरली असेल, त्यांच्या दृष्टीने वाहिनी असून नसल्यासारखीच झाली.

मनोऱ्याकडून उपग्रहाकडे

मुंबईत दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणे शहरास त्याचा लाभ मिळू लागला. त्या काळातील ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना आज चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या स्मरणात असेल. घरातील कर्ता पुरुष गच्चीवर, एखादे मूल जिन्यात आणि बाकीची मंडळी संचासमोर, अशी विभागणी होत असे. ‘आलं का?’, ‘आलं’, ‘आता गेलं!’ हा संवाद चाळींतून आणि वाड्यांतून रोज ऐकू येई. त्या अँटेनाचा रोख पाच-दहा अंश इकडेतिकडे झाला तरी फारसे बिघडत नसे. पडद्यावर थोड्या ‘मुंग्या’ येत, परंतु बातमीदाराचा चेहरा ओळखू येई. तेथे महत्त्व होते ते उंचीला. मनोरा आणि अँटेना यांच्यामध्ये डोंगर आला की सारा खेळ संपला. सह्याद्रीच्या रांगांनी व्यापलेल्या प्रदेशात कित्येक गावांना म्हणूनच दूरदर्शन दिसत नव्हते.

ही पद्धत आपल्याकडे आता जवळजवळ इतिहासजमा झाली आहे. जमिनीवरील जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले आणि २०२२ पर्यंत थोडे अपवाद वगळता ते काम पूर्ण झाले. काही देशांत मात्र तीच पद्धत नव्या तंत्रानिशी नांदते आहे. अमेरिकेत प्रवासासाठी घरासारख्या सजविलेल्या मोठ्या मोटारी वापरतात. त्यांच्या छपरावर एक आडवा, पंखासारखा अँटेना असतो. मुक्कामाला पोहोचल्यावर गाडीच्या आतूनच छताला असलेला दांडा फिरवून तो वर उचलावयाचा, जवळच्या शहरातील मनोऱ्याकडे वळवावयाचा आणि निघण्यापूर्वी आठवणीने खाली घ्यावयाचा, असा तेथील शिरस्ता आहे. आठवण राहिली नाही तर वाटेतील झाडाची फांदी ती करून देते. प्रत्येक मुक्कामी अँटेनाचा रोख नव्याने साधण्याची ही गरज आपल्याकडेही आहे. मात्र ती असणाऱ्यांची वाहने बैलगाडी आणि ट्रॅक्टर ही होत. त्यांचा विचार पुढे येईल.

उपग्रहाद्वारे थेट खेड्यात चित्र पोहोचविण्याचा आपल्या देशातील पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा वर्षभर चालला. अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यात आले. महाराष्ट्र त्यात नव्हता. शेजारचे कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि मध्य प्रदेश होते. खेड्यात बसविलेली तबकडी सुमारे तीन मीटर व्यासाची होती आणि ती चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची बनविलेली होती. आज तीच कामगिरी सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाची छत्री करते. उपग्रह अधिक शक्तिशाली झाले आणि लहरींची लांबी कमी झाली, म्हणून हे साधले. पण त्या सोयीची किंमतही आहे, ती पुढे दिसेल.

दूरदर्शनची विनाशुल्क उपग्रह सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तीच आता ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाते. छत्री आणि सेट टॉप बॉक्स यांचा एकदाच होणारा खर्च सोडला तर दरमहा काही द्यावे लागत नाही, म्हणून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांनी ती जवळ केली. प्रारंभी ही सेवा ९५ अंश पूर्व रेखांशावरील ‘एनएसएस-६’ या उपग्रहावरून मिळत असे. पुढे ती ९३.५ अंशावरील ‘इन्सॅट-४बी’वर आली. सध्या तेथील ‘जीसॅट-१५’ हा उपग्रह ते काम करतो. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये अवकाशात सोडण्यात आला.

आग्नेयच का?

हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. त्या उंचीवर पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण होण्यास लागणारा काळ आणि पृथ्वीचा स्वतःभोवती फिरण्याचा काळ हे सारखेच असतात. त्यामुळे तो आपल्याला आकाशात एका जागी खिळल्यासारखा भासतो. त्याच्या थेट खालचा बिंदू सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस हिंदी महासागरात येतो. महाराष्ट्रातून पाहता तो पूर्वेला आहे आणि दक्षिणेलाही आहे. या दोन्हींच्या मधली दिशा ती आग्नेय.

परंतु ‘आग्नेय’ एवढे सांगून काम भागत नाही. उत्तर दिशा शून्य धरून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजत गेल्यास पूर्व ९० अंशांवर, आग्नेय १३५ अंशांवर आणि दक्षिण १८० अंशांवर येते. या मापाने मुंबईहून उपग्रह १३१ अंशांवर आहे आणि क्षितिजापासून त्याची उंची ५८ अंश आहे. पुण्याहून दिशा १३२ आणि उंची ५९, कोल्हापूरहून १२९ आणि ६०, बीडहून १३५ आणि ६०, नंदुरबारहून १३६ आणि ५७ असे हे आकडे येतात. पूर्वेकडे सरकावे तसा उपग्रह दक्षिणेकडे झुकू लागतो. नागपूरहून तो १४४ अंशांवर व ६० अंश उंच, तर गडचिरोलीहून १४५ अंशांवर व ६२ अंश उंच दिसतो. गोव्यात पणजीहून दिशा १२७ आणि उंची ६१ आहे. मधल्या गावांनी आपले आकडे याच अनुरोधाने धरावेत. एखाद-दुसरा अंश पुढे-मागे झाला तरी अखेरचा निवाडा सेट टॉप बॉक्सच करणार आहे.

आता वर उल्लेखिलेल्या किमतीविषयी. या लहरी सेकंदाला अकराशे कोटींहून अधिक वेळा आंदोलित होतात आणि त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते. अशा लहरी झेलणाऱ्या ६० सेंटिमीटरच्या छत्रीची ‘नजर’ फार अरुंद असते. रोख दीड अंशाने चुकला की पदरात पडणारी शक्ती जवळपास निम्मी होते. छत्रीच्या कडेवर एक अंश म्हणजे केवळ पाच मिलिमीटर. कडेला एक सेंटिमीटरचा धक्का लागला, मग तो वाऱ्याचा असो, माकडाचा असो की वाळत घातलेल्या गोधडीचा असो, तरी चित्र नाहीसे होण्यास तेवढे पुरेसे असते.

जागा कोणती निवडावी

जुन्या सवयीमुळे अँटेना उंच ठिकाणीच असावयास हवा असे पुष्कळांना वाटते. उपग्रहाच्या बाबतीत ते खरे नाही. तो ३६ हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे. छत्री दहा फूट वर नेल्याने त्यात काय फरक पडणार? आग्नेयेकडील आकाश मोकळे असेल तर छत्री अंगणात गुडघाभर उंचीच्या खांबावरही तितकेच उत्तम काम देते. उलट अंगणातील छत्रीला वारा कमी लागतो आणि ती दुरुस्त करण्यासाठी पावसाळ्यात निसरड्या पत्र्यावर चढावे लागत नाही. जनावरे आणि मुले यांचा उपद्रव तेवढा लक्षात घ्यावा.

आकाश मोकळे आहे की नाही, हे ताडण्याचा एक साधा हिशेब आहे. उपग्रह ५८ ते ६० अंश उंच असल्याने समोरील अडथळा छत्रीपेक्षा जितका उंच असेल, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश अंतराहून तो दूर असला म्हणजे झाले. दहा मीटर उंचीचा आंबा सात मीटरांवर असेल तर चालतो, पाच मीटरांवर असेल तर चालत नाही. येथे झाडाच्या वाढीचाही विचार करावा. उन्हाळ्यात निष्पर्ण असलेले झाड पावसाळ्यात पालवते, आणि ओली पाने या लहरींना जवळजवळ भिंतीसारखीच अडवितात.

याहून सुंदर कसोटी निसर्गानेच उपलब्ध करून दिली आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी अकराच्या सुमारास महाराष्ट्रातून पाहता सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर संपूर्ण ऊन पडत असेल तर मार्ग निर्वेध आहे असे खुशाल समजावे. ज्या फांदीची सावली छत्रीवर पडते, तीच फांदी अडथळा करीत असते. याच दिवसांत सूर्याच्या स्वतःच्या लहरींमुळे चित्र काही मिनिटे बिघडते व आपोआप सुधारते. अशा वेळी पाना घेऊन छत्री हलविण्याची घाई करू नये.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. खांब उभारताना तो आडवा पडला तरी विजेच्या तारांना स्पर्श करणार नाही, इतका तारांपासून दूर असला पाहिजे. लोखंडी नळी हातात धरून वर पाहत चालणाऱ्या माणसाला तार दिसतेच असे नाही.

दिशा शोधणे

होकायंत्र असेल तर काम सोपे. आपल्या राज्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक एका अंशाहूनही कमी आहे, म्हणून त्याचा हिशेब धरण्याचे कारण नाही. परंतु लोखंडी पत्रा, खांब व स्वतः छत्री यांच्यापासून चार-पाच पावले दूर उभे राहून होकायंत्र पाहावे. मोबाइलमधील होकायंत्रालाही हेच लागू आहे. आपल्या गावचा अंश जुळला की त्या रेषेत दूरवर दिसणारी एखादी ठळक खूण, देवळाचा कळस, एखादे ताडाचे झाड, पाण्याची टाकी, हेरून ठेवावी. मग छत्री फिरविताना त्या खुणेकडे पाहत फिरवावी.

होकायंत्र नसेल तर सूर्य आहेच. हिवाळ्यात सपाट जमिनीवर एक सरळ काठी उभी रोवावी आणि सव्वाबारा ते पाऊण या वेळात दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवीत जावे. सर्वांत आखूड सावली ज्या खड्याशी येते तो खडा काठीच्या बरोबर उत्तरेला असतो. विदर्भात ही वेळ थोडी आधी येते, म्हणून तेथे बारापासूनच सुरुवात करावी. त्या खड्यापासून काठीकडे रेषा ओढून तशीच पुढे वाढविली की दक्षिण मिळाली. आता वर्तमानपत्राच्या कागदाचा कोपरा घ्यावा. तो काटकोन असतो. त्याची बरोबर मधोमध घडी घातली की ४५ अंशांचा कोन तयार होतो. त्याची एक बाजू दक्षिणेच्या रेषेवर ठेवून दुसरी पूर्वेकडे वळविली, तर ती थेट १३५ अंशांकडे बोट दाखविते. बीड, जालना, नंदुरबार या भागांत हीच दिशा. कोल्हापूर-सांगलीकडे तेथून आणखी पाच-सहा अंश पूर्वेला, तर नागपूर-गडचिरोलीकडे दहा अंश दक्षिणेला सरकावे. प्रस्तुत लेखक विज्ञान शाखेचा विद्यार्थी नव्हे. तरीही कागदाच्या घडीने उपग्रह गवसतो, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

खांब, कोन आणि संयम

छत्री बसविणाऱ्यांच्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक छत्रीत नसते, खांबात असते. खांब थोडा जरी कलता असेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरविताना तिची उंचीही नकळत बदलत जाते आणि अर्धा दिवस खटपट करूनही उपग्रह सापडत नाही. म्हणून गवंड्याचा ओळंबा लावून खांब दोन बाजूंनी तपासावा. ओळंबा नसेल तर दोरीला दगड बांधून तोच कार्यभाग साधता येतो.

खांब सरळ झाल्यावर आधी उंचीचा कोन ठरवावा. छत्रीच्या मागील कमानीवर अंशांच्या खुणा असतात, त्यानुसार ५८, ६० जो आकडा असेल तेथे नट कसावा. येथे पाहणाऱ्याची फसगत होते. छत्री ६० अंशांवर लावूनही ती तेवढी आकाशाकडे पाहते आहे असे वाटत नाही. कारण या लहान छत्र्यांमध्ये लहरी झेलणारा भाग, म्हणजे एलएनबी, मध्यभागासमोर नसून खालच्या बाजूस पुढे आलेल्या दांड्यावर असतो. त्या रचनेमुळे छत्री जेथे पाहते आहे असे आपल्याला वाटते, त्यापेक्षा सुमारे २५ अंश वर तिची खरी नजर असते. बनावटीनुसार यात थोडा फरक पडतो. कमानीवरील खुणा पुसल्या असतील तर छत्रीचे तोंड उभ्या ओळंब्यापासून साधारण ३५ अंश मागे कलेल असे ठेवून सुरुवात करावी.

मग केबल जोडावी. एलएनबीला लागणारी वीज सेट टॉप बॉक्सकडून याच केबलमधून जाते. म्हणून जोडताना वा सोडताना बॉक्स बंद असावा. मधल्या तारेला जाळीचा एक केसही चिकटला तर वीज वर पोहोचत नाही. रोख अचूक असूनही चित्र न येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

बॉक्सच्या मेनूमध्ये दोन पट्ट्या दिसतात. एक ‘स्ट्रेंग्थ’ची, दुसरी ‘क्वालिटी’ची. पहिली पट्टी छत्री कोणीकडेही वळविली तरी थोडीफार भरलेली असते. तिच्यावर विसंबू नये. आकाशात या उपग्रहाच्या शेजारी इतर सेवांचेही उपग्रह आहेत आणि त्यांच्या लहरींनीही ती पट्टी हालते. आपला उपग्रह सापडला याची साक्ष केवळ दुसरी पट्टी देते. ती शून्यावरून एकदम उठते.

छत्री हेरलेल्या खुणेच्या दहा अंश डावीकडून दहा अंश उजवीकडे हळूहळू न्यावी. हळूहळू म्हणजे एका वेळी बोटभरही नाही, अर्ध्या बोटाइतकी, आणि प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबावे. जुना संच बदल तत्काळ दाखवीत असे. नव्या बॉक्सला आलेल्या लहरी उलगडण्यास क्षणभर वेळ लागतो. झटकन फिरविणाऱ्याच्या समोरून उपग्रह निघून जातो आणि पट्टीला पत्ताही लागत नाही. एका फेरीत न सापडल्यास उंची एक अंशाने वाढवून पुन्हा फेरी घ्यावी, मग एक अंशाने कमी करून. पट्टी उठल्यावर घाईने नट कसू नये, कारण खरे काम तेथून पुढे सुरू होते.

चित्र आले की बहुतेक लोक खाली उतरतात. जुन्या संचावर चित्राचा दर्जा पाहून रोख किती साधला ते कळत असे. नव्या पद्धतीत तसे नाही. लहरी एका मर्यादेच्या वर असल्या की चित्र अगदी स्वच्छ दिसते, मग त्या मर्यादेहून थोड्या वर असोत की पुष्कळ वर. खाली गेल्या की चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि लगेच काळोख. मुसळधार पाऊस या लहरी शोषून घेतो. फेब्रुवारीत कसेबसे साधलेले चित्र जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीला नाहीसे होते ते यामुळेच. अतिवृष्टीचा इशारा ऐकण्याची वेळ नेमकी तीच असते. म्हणून क्वालिटीची पट्टी अधिकात अधिक होईपर्यंत छत्री थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, मग थोडी वर-खाली करून पाहावी. अखेरीस एलएनबी आपल्या खोबणीत किंचित फिरवून पाहावा. त्या लहरी ठराविक पातळीत कंप पावतात आणि एलएनबीची बैठक तिच्याशी जुळली की पट्टी आणखी चढते. नट कसताना एकेक नट थोडा थोडा, आळीपाळीने कसावा आणि डोळा पट्टीवर ठेवावा. शेवटच्या वेढ्यातही अर्धा अंश सरकतो.

इतके करूनही अतिवृष्टीत काही काळ चित्र जाणारच. तेवढ्यासाठी घरात बॅटरीवर चालणारा रेडिओ असू द्यावा. विजांचा कडकडाट सुरू झाल्यास केबल बॉक्सपासून काढून ठेवावी. मात्र ती वीज कडाडू लागण्यापूर्वी काढावी, नंतर हात लावू नये.

बिऱ्हाडाबरोबर छत्री

दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिव, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात आणि पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत राहतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण आणि शेळ्या यांच्या जोडीने आता एखादी छत्रीही दिसू लागली आहे. ज्या तळावर वीज किंवा सौरपट्टी आहे तेथे संध्याकाळी चार कोपींची मुले एका संचासमोर बसतात. ही छत्री लावून द्यावयास तेथे कोणी मेकॅनिक येत नाही. आला तरी त्याची मजुरी परवडत नाही.

या कुटुंबांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट वरील आकड्यांत दडलेली आहे. बीडहून उपग्रहाची उंची ६० अंश आहे आणि कोल्हापूर-सांगलीहूनही ती ६० अंशांच्याच आसपास आहे. बदलते ती फक्त दिशा, तीही पाच-सहा अंशांनी, म्हणजे छत्रीच्या कडेवर तीन सेंटिमीटर. म्हणून गावातून छत्री उतरविताना उंचीचा नट मुळीच सैल करू नये. कमान तशीच ठेवून छत्री खांबावरून काढावी. तळावर दोन फूट खोल खड्डा घेऊन, दगड आणि मुरूम ठोकून खांब ओळंब्यात उभा करावा, छत्री चढवावी आणि फक्त डावी-उजवीकडे फिरवावी. निम्मे काम गावीच झालेले असते.

मोकळ्या फडाजवळ एक अडचण संभवते. तोडीला आलेला ऊस बारा फुटांपर्यंत उंच असतो. गुडघाभर उंचीची छत्री त्याला अगदी खेटून लावली आणि ऊस आग्नेयेला असला, तर तो आड येतो. छत्रीपासून तीन-चार मीटर जागा सोडली की पुरे. कोपीच्या छपराला वा बैलगाडीच्या साटीला छत्री बांधू नये. गाडी हलते, पाचटाचे छप्पर वाऱ्याने डोलते, आणि तेवढी हालचाल अडीच सेंटिमीटरच्या लहरींना खपत नाही.

एप्रिलमध्ये पट्टा पडला की परतीच्या वेळी एलएनबीच्या तोंडावरील प्लॅस्टिकचे झाकण शाबूत आहे ना, ते पाहावे. ते फुटलेले असेल तर आत गांधीलमाशी घर करते. केबलची दोन्ही टोके प्लॅस्टिकच्या पिशवीने बांधावीत आणि उंचीच्या नटावर व कमानीवर मिळून तैलरंगाची एक रेघ ओढून ठेवावी. ट्रॉलीतील हादऱ्यांनी नट सरकला असल्यास ती रेघ तुटलेली दिसते आणि गावी पोहोचताच कोठून सुरुवात करावयाची ते कळते.